‘नको’ म्हणणारी काच

पगाऱ्यांच्या घरात नाकाचा विषय काढायचा नाही, असा अलिखित नियम होता. पाहुणा आला की मीनाची आई वत्सलाबाई त्याला आधी डोळ्यांनी खुणवायची. नव्या माणसाला खूण कळायची नाही. तो बिचारा उंबऱ्यातूनच म्हणायचा, "वा, काय खमंग वास सुटलाय!" आणि मग मीनाचे वडील दत्तू पगारे खाटेवर कूस बदलून भिंतीकडे तोंड करायचे.

नाशिकच्या द्वारका चौकाच्या मागच्या अंगाला, बौद्ध वस्तीत, त्यांचं दोन खोल्यांचं घर. दत्तू आणि त्यांचा धाकटा भाऊ चंदर हे दोघेही एका कंत्राटदाराकडे कामाला होते. काम काय, तर कारखान्यांच्या घाण पाण्याच्या टाक्या साफ करायच्या. टाकीचं झाकण उघडायचं, कमरेला दोर बांधायचा, आत उतरायचं आणि गाळ घमेल्यात भरून वर द्यायचा. मास्क, नळी, चष्मा हे सगळं फक्त कारखान्याच्या भिंतीवरच्या चित्रातल्या माणसाला मिळायचं. तो चित्रातला माणूस गोरा होता, हसरा होता आणि कधीच कुठे उतरत नव्हता.

एक्क्याण्णव साली, मीना अकरावीत असताना, चंदर असाच एका टाकीत उतरला. टाकीला नासक्या अंड्यांसारखा वास मारत होता. थोड्या वेळानं आतून त्याचा आवाज आला, "दादा, वास गेला! सोड घमेलं!" दत्तूंनी घमेलं सोडलं. ते भरून वर आलंच नाही. हाका मारून झाल्या, दोर हिसकून झाला, तो आत कुठंतरी अडकला होता, शेवटी दत्तू स्वतः उतरले आणि अर्ध्या शिडीवरच शुद्ध हरपून लोंबकळले. वरच्यांनी त्यांना ओढून काढलं म्हणून ते वाचले. चंदरला काढायला अग्निशमनची गाडी आली, तोवर घाई करण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्या दिवसापासून दत्तूंना कसलाच वास येईना, मोगऱ्याचाही नाही आणि गटाराचाही नाही.

चंदरच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे शोकसभेला, मुकादम बारकू आला. हातात पांढरी फुलं, चेहरा लांब. फुलं वाहून झाल्यावर चहाचा कप हातात घेऊन तो चारचौघांत म्हणाला, "वास गेला म्हनला ना त्यो? म्हंजे ग्यास तर गेलाच व्हता. पोटात दुसरं काही असंल. चक्कर आली."

पोटात दुसरं काही म्हणजे दारू, हे सगळ्यांना कळलं. चंदर आयुष्यात दारूला शिवला नव्हता, हेही सगळ्यांना माहीत होतं. तरी माना खाली गेल्या, कारण उद्या कामावर त्याच मुकादमाकडे जायचं होतं. मीना मात्र उठून उभी राहिली. कॉलेजच्या लायब्ररीत तिनं त्या गॅसवरचं पान तीनदा वाचलं होतं.

"वास गेला नव्हता," ती म्हणाली. "नाक गेलं होतं. तो गॅस थोडा असला की घाण मारतो. जास्त झाला की आधी माणसाचं नाक मारतो आणि मग माणूस. काकाला वाटलं गॅस गेला, आणि गॅस तर तेव्हा वाढला होता."

"पोरी," बारकू चुचकारत म्हणाला, "पुस्तकात मान्सं मरत नसत्यात."

"बरोबर आहे. ती पुस्तक न वाचणाऱ्यांच्या हाताखाली मरतात."

वत्सलाबाईनं तिचा हात धरून तिला खाली बसवलं. बारकूनं चहा अर्धा ठेवला आणि चपला शोधू लागला. वस्तीत पुढे कितीतरी दिवस दत्तूच्या पोरीच्या जिभेची चर्चा होती. चंदरच्या मरणाची चर्चा त्याच्या निम्मीही झाली नाही, आणि मीनानं ते बरोबर ध्यानात ठेवलं.

कुणी डॉक्टर व्हायला सायन्स घेतं, कुणी मामा म्हणतो म्हणून घेतं. मीनानं रसायनशास्त्र रागानं घेतलं. लोक म्हणतात राग वाईट. असेल. पण चांगल्या प्रतीचा राग असला, तर त्यावर बी.एस्सी. होते, एम.एस्सी. होते आणि नाशिकच्या एका कॉलेजात लेक्चररची नोकरीही लागते. लग्नाचं विचारायला येणाऱ्या मावश्या-आत्यांना ती सांगायची, "प्रयोग चालू आहे, मधे सोडता येत नाही." आधी हे खोटं होतं. दोन हजार चारला तिनं पीएच.डी.ला नाव घातलं, तेव्हापासून ते खरं झालं.

तिचे मार्गदर्शक डॉ. बोरस्ते. मनानं चांगले, फक्त ग्रँटचा वास त्यांना चार मैलांवरून यायचा. तेव्हा विंचूरला वाईन पार्कची हवा होती आणि निफाडपर्यंतचे द्राक्षवाले वाईनवर बोलत होते. सर म्हणाले, "पगारे मॅडम, वाईन बिघडली की ओळखणारी फिल्म करा. पैसा आहे, नाव आहे, परिषदेला फ्रान्सला जाल."

"सर, वाईन ओळखायला जिभा पुष्कळ आहेत," मीना म्हणाली. "मला गटाराच्या गॅसवर करायचंय."

सरांनी कपाळाला हात लावला. स्टाफरूममध्ये ही बातमी संध्याकाळपर्यंतही थांबली नाही. कुणीतरी तिच्या कामाला 'गटारफिल्म' असं नाव ठेवलं आणि मागच्या खुर्च्यांवरून हशा झाला. दुसऱ्या दिवशी मीनानं काचा ठेवायच्या डब्यावर जाड मार्करनं मोठ्या अक्षरांत 'गटारफिल्म' लिहिलं आणि तो डबा स्टाफरूमच्या टेबलावर मधोमध ठेवून दिला. हसणाऱ्यांची मजाच गेली.

फिल्म म्हणजे काय, तर काचेच्या पट्टीवर दिलेला पातळसा थर. त्यात क्वांटम डॉट, म्हणजे डोळ्याला दिसणारच नाहीत इतके बारीक कण. किराणा दुकानात खोट्या नोटा ओळखायला जो जांभळा दिवा ठेवतात, तसा दिवा त्यांच्यावर धरला की ते हिरवेगार चमकतात. तो विषारी गॅस त्यांना भिडला की चमक विझते. उजेड गेला की धोका, इतकं सरळ. आणि नाकासारखी ही फिल्म गॅस वाढला म्हणून बधिर होत नाही, उलट जास्त काळवंडते. मीनाला नेमकं तेच हवं होतं.

पण सरळ गोष्टी कागदावर असतात. मीनाचे कण फार भोळे निघाले, कुणीही भेटलं की विझायचे. ओल लागली की विझले, कॉलेजच्या मुतारीजवळून काच नेली की अमोनियानं विझले. एकदा तर प्रयोगशाळेत ठेवलेली काच आपोआप मंदावली. मीना तासभर हैराण. मग कळलं की पलीकडच्या टेबलावर बोरस्ते सर डबा उघडून उकडलेली अंडी खात होते. "सर, फिल्म बरोबर बोलली," मीना म्हणाली, "अंड्यात तोच गॅस असतो. फक्त थोडा." सरांनी उरलेलं अंडं डब्यात परत ठेवलं आणि त्या दिवसापासून ते डबा केबिनमध्ये खाऊ लागले.

कणांना शहाणं करायचं तर त्यांना घर बांधून द्यायला हवं होतं. तेव्हा परदेशातल्या मासिकांत सच्छिद्र सांगाड्यांचे लेख येऊ लागले होते. धातूचे अणू खांबांसारखे, त्यांना जोडणारे रेणू तुळयांसारखे, आणि भिंती जवळपास नाहीतच, सगळ्या खिडक्या. पुण्याहून मागवलेल्या झेरॉक्स वाचून मीनानं असा सांगाडा कणांभोवती उभा केला. पाण्याला तो आवडू नये असा रचला, म्हणजे ओल बाहेर राहिली. अमोनिया मात्र अंगानं बारीक, तो खिडकीतून आत शिरायचाच. तेव्हा तिनं खिडकीच्या आत आम्लाचे छोटे हात बसवले. अमोनिया आला की ते हात त्याला तिथंच धरून ठेवायचे, कणांपर्यंत जाऊच द्यायचे नाहीत. हे बोलायला सोपं आहे. करायला दोन वर्षं गेली, तीसुद्धा सुट्ट्या धरून.

शेवटी तिची काच बाकी कुणालाच दाद देईना. ओल येवो, अमोनिया येवो, पेट्रोलची वाफ येवो, ती आपली हिरवीगार. फक्त तो एक गॅस आला की पटकन काळोख. विज्ञानात याला निवडकपणा म्हणतात, आणि मीनाला त्याचा गर्व झाला. का होऊ नये? ज्यानं काकाला नेलं, त्याला हजारांच्या गर्दीतून ओळखून काढणारी वस्तू तिच्या हातात होती. घरी तिनं दत्तूंना जांभळा दिवा लावून काच दाखवली. म्हातारा बराच वेळ बघत राहिला. "चमकतीय झकास," एवढंच म्हणाला.

दोन हजार नऊच्या उन्हाळ्यात बोरस्ते सरांनी एका कारखान्याशी बोलणं लावलं. कारखान्याचे सेफ्टी ऑफिसर टाकीसफाईच्या दिवशी फिल्मची चाचणी घेणार होते. पसंत पडली तर फिल्म तिथल्या सगळ्या टाक्यांवर वापरली जाणार, मग इतर कारखान्यांत, आणि प्रत्येक डब्यावर मीनाचं नाव. मीना ठेवणीतली सुती साडी नेसून गेली. इतकी वर्षं ज्या दिवसासाठी काढली, तो हा दिवस, असं तिला मनापासून वाटत होतं.

टाकी कारखान्याच्या मागच्या बाजूला होती. झाकण उघडून ठेवलेलं, बाजूला घमेली, दोर आणि चार माणसं. त्यांचा मुकादम बारकूच होता. आता केस पिकलेले, पोट सुटलेलं. त्यानं मीनाला ओळखलं नाही. मीनानं ओळखलं.

तिनं काच नायलॉनच्या दोरीला बांधून खाली सोडली आणि थोड्या वेळानं वर घेतली. विझलेली काच पुन्हा उजळायला बराच वेळ लागतो, त्यामुळे वर काढल्यावरही खालचं कळतं. तिनं काचेवर काळं फडकं धरलं आणि आत जांभळा दिवा लावला. सगळे वाकून बघू लागले. काच हिरवीगार होती.

टाळ्या पडल्या. सेफ्टी ऑफिसर म्हणाले, "एक्सलंट!" बोरस्ते सरांचा चेहरा खुलला. आणि बारकू मागे वळून एका तरुण कामगाराला म्हणाला, "चल रं किशोर, बांध दोर. मॅडमनी पास केलं."

पास केलं. मीना सतरा वर्षांच्या पोरांचे पेपर तपासायची, रोज कुणाला तरी पास करायची. हा शब्द तिच्या तोंडातलाच होता. पण तो इथे ऐकला आणि ती झटकन मागे वळली. किशोर शर्ट काढून दोराला गाठ मारत होता, आणि खाली काय आहे हे तिला माहीतच नव्हतं. तो एक गॅस नाही, एवढंच माहीत होतं. बाकी प्रत्येक गोष्टीकडे दुर्लक्ष करायला तिनंच तर काचेला दोन वर्षं शिकवलं होतं.

"थांबा," ती म्हणाली. "मी कुणाला पास केलेलं नाही."

"म्हणजे?" ऑफिसर हसले. "उजेड गेला तर धोका, उजेड आहे तर सुरक्षित. तुम्हीच सांगितलंत ना?"

"पहिलं वाक्य माझं आहे. दुसरं तुमचं." तिचा आवाज चढला. "खाली श्वासापुरती हवा नसली, तरी ही काच अशीच चमकेल. दुसरा कुठला गॅस असला, तरी चमकेल. बुडून मेलेल्या माणसाच्या खिशात ठेवली, तरी हिरवीच राहील! हिला एकच शब्द येतो, 'नको'. ती गप्प बसली म्हणजे 'ये' म्हणाली असं होत नाही."

"मग हवा तपासा."

"तुमच्याकडे त्याचं मीटर असेल ना?"

मीटर होतं. ऑफिसमध्ये काचेच्या कपाटात, ऑडिटवाल्यांना दिसेल असं ठेवलेलं. बॅटरी कधी उतरली ते कुणाला ठाऊक नव्हतं. ऑफिसर घड्याळ बघू लागले. बोरस्ते सरांनी मीनाला बाजूला घेतलं. "मॅडम, तत्त्व बरोबर आहे तुमचं. पण आजचा दिवस जाऊ द्या. तो माणूस काही पहिल्यांदा उतरत नाहीये. त्यांना डब्यावर फक्त एक ओळ हवी आहे, 'हिरवी असल्यास सुरक्षित'. एवढ्या ओळीसाठी पाच वर्षांचं काम घालवणार?"

लालूच नव्हती असं म्हणणं खोटं होईल. ही ओळ लिहिली की गटारफिल्म म्हणून हसणाऱ्यांची तोंडं बंद होणार होती. आणि खरंच, बहुतेक दिवस ती ओळ खरीही ठरली असती. तेवढ्यात किशोर वैतागून म्हणाला, "ओ मॅडम, ऊन चढतंय. आमी रोज उतरतो, आमाला सवय हाय. व्हा बाजूला." आणि त्यानं पहिला पाय शिडीवर टाकला.

मीनानं त्याचा दंड धरून त्याला मागे ओढलं. मग चपला काढल्या, पदर खोचला आणि टाकीच्या तोंडावर, आत पाय सोडून, सरळ ठाण मांडून बसली. तोंड होतं लहान. त्यातून आता मांजरही गेलं नसतं.

"मॅडम! अहो, पडाल!"

"पडले तर माझ्याच काचेच्या भरवशावर पडेन. उतरायचं असेल त्यानं माझ्या डोक्यावरून उतरावं. टाकी उपसणारा टँकर मागवा. नाहीतर साहेब, डब्यावर तुम्हाला हवी ती ओळ लिहून देते आणि आधी तुम्ही उतरा."

साहेब उतरले नाहीत, हे सांगायला नकोच. त्यांनी फोन केले, मग आवाज चढवला, मग सिक्युरिटीच्या बाईला बोलावलं. त्या बाईनं टाकीकडे पाहिलं, मीनाकडे पाहिलं, आणि आपल्याच्यानं हे होणार नाही असं सांगून ती सावलीत जाऊन उभी राहिली. बारकूनं हात जोडून पाहिले. "बाई, माझ्या मान्सांच्या पोटावर का पाय देता?"

"तुमच्या माणसांची काळजी मला तुमच्याकडूनच शिकायला मिळाली, बारकूभाऊ," मीना म्हणाली. "मी दत्तू पगाऱ्यांची मुलगी. चंदरची पुतणी."

बारकूचे जोडलेले हात तसेच राहिले. मग तो किशोरच्या कमरेची गाठ सोडू लागला, आणि नीट सुटेना तेव्हा दातांनी सोडली.

दुपार टळल्यावर टँकर आला. तासाभरात त्यानं टाकी उपसून टाकली. खाली नेमकं काय होतं, हवा होती की नव्हती, हे कुणालाच कळलं नाही आणि कधी कळणारही नाही. किशोर उतरला असता तर कदाचित गाणं म्हणत वर आला असता. मीनाला ते माहीत होतं. त्यामुळे ती बरोबर होती असं कुणाला दाखवून देणंही तिला शक्य नव्हतं. ज्याचा जीव गेला नाही, त्याचा पुरावा कुठून आणायचा? ऑफिसरांनी बोलणी मोडली. किशोर सायकलवर टांग मारताना तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करून गेला.

परतीच्या वाटेवर बोरस्ते सरांनी गाडी जोरात हाणली. द्वारकेला गाडी थांबवून म्हणाले, "पगारे मॅडम, उतरा." अख्ख्या दिवसात एवढं एकच माणूस उतरलं, असं मनात येऊन मीनाला खुदकन हसू आलं. सरांनी गाडीची काच वर केली.

घरात पाऊल टाकलं तर करपल्याचा दर्प. वत्सलाबाई शेजारी गेली होती, गॅसवर वांग्याची भाजी करपून कोळसा झालेली आणि दत्तू दोन हातांवरच्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून निवांत बसलेले. मीनानं गॅस बंद केला, खिडकी उघडली, आणि पातेलं नळाखाली धरून तिथंच उभी राहिली.

"काय झालं तिकडं?" दत्तूंनी विचारलं.

"काही झालं नाही, आबा. फिल्म घेतली नाही त्यांनी. मीच घेऊ दिली नाही." आणि मग तिनं सगळं सांगितलं, एका दमात, पातेलं घासत घासत. रडू येत होतं आणि त्याचा रागही येत होता. "इतकी वर्षं गेली त्यात. आणि आज हातात काय, तर काही झालं नाही."

दत्तू उठून मोरीपाशी आले. "कोन उतरलं का?"

"कुणीच नाही."

"त्यो पोरगा?"

"किशोर? घरी गेला. मला शिव्या घालत गेला."

म्हाताऱ्यानं तिच्या हातातलं पातेलं काढून घेतलं आणि खाली ठेवलं.

"घालू दे की," तो म्हणाला. "घरी जाऊन घालतोय नव्हं."